उंच स्वार, ठेंगणा घोडा

वाचक ताईंचं पत्र:

‘मी ४३ वर्षांची आहे. उंची ५ फूट १० इंच, वजन ७६ किलो. तीन वर्षं घोडेस्वारी शिकते आहे. रिंगणातली दुडकी आणि कँटर, म्हणजे संथ दौड, आता बिनधास्त जमते. स्वतःचा घोडा घेऊन डोंगरातल्या आणि रानातल्या वाटांनी तीन-चार तास भटकावं, ही फार दिवसांची इच्छा आहे. समोर दोन घोडे आहेत. एक १६.२ हँड उंचीचा थरोब्रेड, वय ५, शर्यतीतून नुकताच बाहेर पडलेला, दिसायला राजबिंडा. दुसरा १४.१ हँडचा, आखूड आणि भरदार, मिश्र जातीचा, खच्ची केलेला, वय ११. तो सात वर्षं अशाच वाटांवर चालला आहे. दोघांची मापं घेतली ती अशी: उंच घोड्याच्या छातीचा घेर १८७ सेंमी, अंगाची लांबी १६३ सेंमी, ठेंगण्याचा घेर १८४, लांबी १५८. ठेंगण्यावर बसले आणि माझा जीव शांत झाला. पण सोबतचे स्वार म्हणतात, तुझे पाय जमिनीला टेकतील, फोटोत हसू होईल. नवरा म्हणतो, एवढ्याशा जनावरावर तू बसणं हा त्याच्यावर अन्याय आहे. अधूनमधून माझी १३ वर्षांची मुलगीही त्यावर बसेल. मी काय करू?’

प्रिय ताई,

तुमच्या पत्रात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत अडकले आहेत. घोड्याला तुम्ही पेलवाल का, हा एक. घोड्यावर तुम्ही कशा दिसाल, हा दुसरा. पहिला तुमच्या यजमानांनी विचारला आणि तो विचारल्याबद्दल त्यांचे आभार माना, कारण घोडा स्वतः तो विचारू शकत नाही. दुसरा प्रश्न सोबतच्या स्वारांचा आहे. त्याला मी फार जागा देणार नाही. पण पहिल्याचं उत्तर मोजून काढता येतं, तर आधी तेच काढू.

हँड म्हणजे चार इंच. १६.२ म्हणजे सोळा हँड आणि वर दोन इंच, असे एकूण ६६ इंच. १४.१ म्हणजे ५७ इंच. बिंदूनंतरचा आकडा इंचांचा असतो, त्यामुळे तो तीनच्या पुढे जात नाही. माप घेतात ते जमिनीपासून मान जिथे पाठीला मिळते त्या उंचवट्यापर्यंत, डोक्यापर्यंत नव्हे. साधारण १४.२ हँडच्या आतल्या घोड्याला पोनी म्हणायचा प्रघात आहे, म्हणून कागदोपत्री तुमचा ठेंगणा पोनी ठरतो. आपल्या भाषेने तर या बिचाऱ्यांना तट्टू म्हणून हिणवलंच आहे, वर हट्टी माणसाला अडेलतट्टू म्हणून त्यांची बदनामीही केली आहे. पण नऊ इंचांच्या या फरकाने काय सिद्ध होतं? उंच घोड्याचे पाय लांब आहेत, एवढंच.

आता वजन काढा. छातीच्या घेराचा वर्ग करा, त्याला अंगाच्या लांबीने गुणा आणि ११,८८० ने भागा. मापं सेंटीमीटरमध्ये असली की उत्तर किलोत येतं. घेर पुढच्या पायांच्या कोपरामागून आणि खांद्याच्या उंचवट्यामागून घ्यायचा, लांबी खांद्याच्या पुढच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या टोकापर्यंत. तुमच्या आकड्यांवरून ठेंगण्याचं वजन ४५० किलो येतं आणि राजबिंड्याचं ४८०. हा अंदाज आहे, वीस-तीस किलो इकडे तिकडे होऊ शकतात, पण नऊ इंच उंचीमागे वजनाचा फरक किती थोडा आहे ते बघा. शर्यतीचा घोडा म्हणजे लांब पायांवर ठेवलेली सडपातळ, अरुंद काया. तुमचा ठेंगणा म्हणजे आखूड पायांवरचं भरलेलं पिंप. पाठीला ओझं पेलायचं असतं तेव्हा हे पिंप कामी येतं.

आता तुमचं ओझं. इथे बहुतेक जण चुकतात, कारण ते फक्त स्वतःचं वजन धरतात. तुमचे ७६, त्यात हेल्मेट, बूट आणि कपडे मिळून ३, हलकं खोगीर आणि त्याखालचं पॅड मिळून ८, पाणी आणि छोटी पिशवी ३. झाले ९०. म्हणजे ठेंगण्याच्या वजनाच्या बरोबर २० टक्के आणि उंचाच्या जवळपास १९ टक्के. सव्वा टक्क्याचा हा फरक म्हणजे जेमतेम पाच-सहा किलो! उंचावर बसणं न्याय आणि ठेंगण्यावर बसणं अन्याय, असं या आकड्यांवरून तरी म्हणता येणार नाही. खोगीर मात्र जड, पंधरा-सोळा किलोचं वेस्टर्न पद्धतीचं घेतलंत तर दोघांच्याही बाबतीत हिशेब बदलेल. ते घेऊ नका.

वीस टक्क्यांचा हा आकडा तुम्ही ऐकला असेल. घोडदळाच्या काळापासून तो स्वारांच्या तोंडी आहे, पण त्याला प्रयोगाचा आधारही मिळाला आहे. २००८ मध्ये अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या संशोधकांनी आठ घोड्यांवर त्यांच्या वजनाच्या १५, २०, २५ आणि ३० टक्के भार चढवून त्यांना पाऊण तास चालवलं. पंचवीस टक्क्यांपासून नाडीचे ठोके स्पष्ट वाढले. तीस टक्क्यांना दुसऱ्या दिवशी पाठीचे स्नायू दुखरे आणि ताठलेले सापडले. या अभ्यासातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट मात्र वेगळीच आहे. ज्या घोड्यांची कंबर रुंद होती आणि पायाची नळी, म्हणजे गुडघ्याखालचं हाड, जाड होती, त्यांचे स्नायू कमी दुखले. जुने जाणते लोक घोडा बघताना आधी कमरेवर पंजा आडवा ठेवतात आणि मग खाली बसून नळीला हात घालतात, ते उगीच नाही.

नळीचं माप तुम्ही पाठवलेलं नाही. ते घ्या. पुढच्या पायाच्या गुडघ्याखाली, नळीच्या वरच्या भागात, टेप गुंडाळून घेर मोजा. ४५० किलोच्या आसपासच्या घोड्याला २० सेंमी, म्हणजे आठ इंच, असावेत असा जुना ठोकताळा आहे. ठेंगण्याचा घेर त्याहून थोडा जास्त निघाला तरी मला नवल वाटणार नाही. उंचाचा कमी निघाला, तर लांब आणि बारीक पायांवर डोंगर उतरताना काय होईल याचा विचार करा. घोडा नुसता उभा असतो तेव्हाच त्याच्या वजनाचा साठ टक्क्यांच्या जवळपास भाग पुढच्या पायांवर असतो. उतारावर तो आणखी वाढतो, वर तुम्ही आणि खोगीर.

वजनाबद्दल आणखी एक सांगते. चरबीमुळे भरलेल्या घोड्याचे ४५० किलो आणि स्नायूंमुळे भरलेल्या घोड्याचे ४५० किलो सारखे नसतात. चरबी हे त्याने तुमच्या आधीच उचललेलं ओझं आहे. ठेंगण्या, भरदार जातींना चरबी चटकन धरते. म्हणून बरगड्यांवरून हात फिरवा. बरगड्या डोळ्यांना दिसू नयेत, पण बोटांना सहज लागाव्यात. दाबून दाबून शोधाव्या लागल्या, मानेच्या वरच्या कडेला घट्ट वळी लागली, तर तुमचा वीस टक्क्यांचा हिशेब खरा नाही. आधी त्याची चरबी उतरवा, मग मोजा.

आता ‘पाय जमिनीला टेकतील’ या टोमण्याकडे येते, कारण त्यातही एक खरी गोष्ट दडली आहे आणि ती हसणाऱ्यांना ठाऊक नाही. उंच स्वाराचा पाय घोड्याच्या अंगावर किती बसतो हे घोड्याच्या उंचीवर ठरत नाही, त्याच्या बरगड्यांच्या गोलाईवर ठरतं. बरगड्या गोल आणि छाती खोल असली की मांडी, गुडघा, पोटरी त्या गोलाईवरून वळत जातात आणि लांब पाय त्यातच खपून जातो. सपाट, अरुंद अंगाच्या घोड्यावर तोच पाय सरळ खाली लोंबतो आणि टाच पोटाखाली हवेत राहते. तुमच्या दोन घोड्यांच्या छातीच्या घेरात तीनच सेंटीमीटरचा फरक आहे. म्हणजे उंचावर तुमचे पाय जमिनीपासून नऊ इंच जास्त वर असतील, पण त्याच्या अंगावर ते जास्त चांगले बसतील असं नाही. तुम्ही ठेंगण्यावर बसल्यावर तुमचा जीव शांत झाला त्यामागे, माझ्या मते, हेही एक कारण आहे. तुमच्या पायांना धरायला काहीतरी मिळालं.

इतकं सगळं ठेंगण्याच्या बाजूने बोलल्यावर आता त्याच्या विरुद्ध जाणारी गोष्ट सांगते. तुमचा निर्णय माझ्या मते इथेच अडेल किंवा सुटेल. गोष्ट खोगिराची आहे.

उंच माणसाची मांडी लांब असते. लांब मांडीला मोठी बैठक लागते, तुम्हाला कदाचित १८ इंचांची. बैठक मोठी झाली की खोगिराचा खालचा, पाठीवर टेकणारा भागही लांबतो. घोड्याला बरगड्यांच्या १८ जोड्या असतात आणि खोगिराने शेवटच्या बरगडीच्या मागे जाता कामा नये, कारण त्यामागे कमरेचा भाग सुरू होतो आणि तिथे मणक्यांना बरगड्यांचा आधार नसतो. तुमच्या घोड्याच्या अंगाची लांबी १५८ सेंमी आहे, पण त्यात खांदा आणि पुठ्ठा किती आणि खोगिराला मिळणारी पाठ किती, हे त्या आकड्यावरून कळत नाही. आखूड पाठीच्या घोड्यावर मोठ्या बैठकीचं खोगीर मागे कमरेवर चढतं. त्यावर उपाय म्हणून छोटी बैठक घेतली, तर उंच स्वार तिच्या मागच्या कडेवर जाऊन बसतो आणि सगळं वजन खोगिराच्या मागच्या टोकाखाली एकवटतं. दोन्हीकडून मार घोड्यालाच.

ही चूक मी केलेली आहे. माझी एक घोडी होती, चौदा हँडची, गोल अंगाची, पाय दगडासारखे. मीही उंच. मला जे सोयीचं वाटलं ते खोगीर मी तिच्यावर घातलं. आधीच्या मोठ्या घोड्याचं होतं, चांगल्या कातड्याचं. दोन महिने ती काही बोलली नाही. मग तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, आवळताना कान मागे टाकायला लागली. मग उतारावर थांबून राहायला लागली आणि मी तिला आळशी म्हटलं. एके दिवशी खरारा करताना ब्रश कमरेजवळ गेला आणि तिची पाठ हाताखालून खाली खचली. मी तिथेच थिजले. पशुवैद्यांनी पाठ तपासली, खोगीर तपासलं आणि सांगितलं, तुमचं वजन तिला जड नाही, ते चुकीच्या जागी पडतं आहे. तीन महिने मी तिच्यावर बसले नाही, नुसती सोबत चालले. नवं खोगीर तिच्या पाठीवर बसवून घेतल्यावर ती पुन्हा उतार उतरायला लागली, पण तिला आळशी म्हटल्याचं मला अजून वाईट वाटतं.

म्हणून, घोड्याचा सौदा करण्याआधी खोगीर बसवणाऱ्या जाणकाराला बोलवा. स्वतः आधी एवढं करा: घोड्याच्या बाजूला उभ्या राहा, शेवटची बरगडी बोटांनी शोधा आणि तिच्या वळणाने वर पाठीच्या कण्यापर्यंत जा. तिथे खडूने खूण करा. दुसरी खूण खांद्याच्या फऱ्याच्या मागच्या कडेला. या दोन खुणांच्या मध्ये तुम्हाला नीट बसणारं खोगीर मावायला हवं. काही खोगिरांची बैठक मोठी आणि खालचा टेकणारा भाग आखूड असतो, बाजूची झडप लांब पायासाठी पुढे काढलेली असते. तसं एखादं त्याच्या पाठीवर बसलं तर तुमचा मार्ग मोकळा आहे. बसलंच नाही, तर ताई, मी तुम्हाला स्पष्ट सांगेन की हा घोडा कितीही गोड असला तरी तुमच्यासाठी नाही. मग थोडी लांब पाठ असलेला, पंधरा हँडच्या आसपासचा भरदार घोडा शोधा.

उंच घोड्याविषयी माझ्या मनात आकस नाही. माझा पहिला घोडा १६.३ हँडचा होता आणि तो मी निव्वळ डोळ्यांनी निवडला होता. मैदानात त्याच्यासारखं सुख नव्हतं. वाटेवर मात्र पहिल्याच दिवशी मला सहा वेळा उतरून चढावं लागलं: एकदा आडवं पडलेलं झाड, एकदा नालेत अडकलेला खडा, एकदा तंग सैल, अशी कारणं निघतच राहतात. रानात चढायला ओटा नसतो. जमिनीवरून रिकिबीत पाय घालून चढताना खोगीर डावीकडे ओढलं जातं आणि त्याचा दाब खांद्याच्या उंचवट्याच्या उजव्या बाजूला रुततो. घोडा जितका उंच तितकी ही ओढ जास्त. तुम्ही उंच आहात, म्हणजे ठेंगण्या घोड्यावर जवळजवळ नुसता पाय टाकून बसाल. त्याच्या पाठीवर हा मोठा उपकार आहे आणि तो कुणी मोजत नाही. फांद्यांचं तर विचारूच नका. पाच फूट दहा इंचांची बाई साडेसोळा हँडच्या घोड्यावर बसली की प्रत्येक फांदी तिच्या चेहऱ्यासाठीच वाढलेली असते.

उष्णतेचं गणितही आहे. अंग जितकं मोठं तितकी आतली उष्णता बाहेर टाकायला कातडी तुलनेने कमी पडते. म्हणूनच ओझी ओढणाऱ्या अवजड जातीचा घोडा, वजन आठशे किलो असलं तरी, लांबच्या चढावर स्वाराला घेऊन मजेत जाईलच असं नाही. स्वतःचं अंग वाहून नेण्यातच तो तापतो. शिवाय त्याची पाठ इतकी रुंद असते की तीन तासांनी तुमचे खुबे भरून येतील. दुसऱ्या टोकाला अरबी घोडा बघा. उंची साधारण १४.१ ते १५.१ हँड, अंग हलकं, हाडं मजबूत. कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडा डोंगरांत १९५५ पासून भरणारी तेव्हिस कप ही शंभर मैलांची, एका दिवसाची दौड याच जातीने पुन्हा पुन्हा जिंकली आहे. आइसलंडचे घोडे बहुधा १३ ते १४ हँडचे, तरी तिथली मोठी माणसं पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्यावरूनच खडकाळ मुलूख तुडवत आली. अर्थात ओझं वाढवलं की त्यांनाही दम लागतो. आठ आइसलंडी घोड्यांवरच्या एका प्रयोगात भार त्यांच्या वजनाच्या २३ टक्क्यांच्या आसपास गेल्यावर रक्तातलं लॅक्टेट, म्हणजे स्नायूंवरच्या ताणाची खूण, ठरलेल्या मर्यादेपलीकडे जायला लागलं. त्यांचा प्रयोग वेगळ्या चालीचा होता, तरी आकडा पुन्हा वीस-पंचवीसच्या मधेच येतो. मूर्ती लहान पण कीर्ती महान हे या घोड्यांना शोभतं, फक्त कीर्तीच्या भरात कुणी तीस टक्के लादू नयेत.

तुमच्या राजबिंड्याबद्दल मला खरी काळजी वाटते ती त्याच्या वयाची आणि अनुभवाची. घोड्याच्या पाठीच्या मणक्यांची वाढ पूर्ण व्हायला साडेपाच-सहा वर्षं लागतात. तो पाचच वर्षांचा आहे. शर्यतीच्या घोड्यावर बरेचदा तो चालत असतानाच स्वाराला उचलून बसवतात, त्यामुळे चढताना स्थिर उभं राहणं त्याला कुणी शिकवलेलं नसेल. शेजारून दुसरा घोडा पुढे गेला की धावायचं, हेच त्याने शिकलं आहे. वाटेवर नेमकं उलटं हवं: पुढचा घोडा वळणाआड दिसेनासा झाला तरी शांतपणे चालत राहणारा. थरोब्रेडचे खूर पुष्कळदा पातळ भिंतीचे आणि पातळ तळव्याचे असतात; खडकाळ वाटेवर ते चटकन दुखावतात. हे सगळं दुरुस्त होऊ शकतं. मी शर्यतीतून आलेले, पुढे वाटांवर उत्तम चाललेले घोडे पाहिले आहेत. पण त्यामागे कुणा अनुभवी हाताची एक-दोन वर्षं गेलेली होती. रिंगणातली तीन वर्षं ही चांगली तयारी आहे, तेवढ्या बळावर कोवळा, बुजणारा, उंच घोडा डोंगरात एकटीने शिकवायला घेऊ नका. तुम्ही दोघंही नवे असाल, आणि दरी कुणालाच शिकाऊ म्हणून सूट देत नाही.

ठेंगण्याचं वय ११ आणि वाटेवरची सात वर्षं हीच त्याची खरी दौलत आहे. तरीही विकणाऱ्याच्या शब्दावर जाऊ नका. स्वतः जा, शक्यतो दोन वेगळ्या दिवशी. पोचल्यावर घोडा आधीच खोगीर घालून, घाम पुसून तयार ठेवलेला असेल तर परत फिरा. तुमच्या आधी त्याला पळवून दमवलं असू शकतं. मोकळ्या पाठीवरून बोटांनी मध्यम दाब देत जा. कुठे पांढऱ्या केसांचे ठिपके आहेत का बघा, ती जुन्या खोगिराच्या जखमांची खूण असते. चारही खूर उचलू देतो का बघा. मग त्याला तबेल्यापासून एकट्याला दूर न्या. इतर घोड्यांसोबत न्याल तेव्हा एकदा पुढे ठेवा, एकदा मधे, एकदा सगळ्यांच्या मागे. पाणी ओलांडायला लावा. मागून सायकल येऊ द्या. पाचोळ्यातून काहीतरी सळसळलं आणि तो बुजला, तर नुसतं बुजण्याला दोष देऊ नका. बुजून झाल्यावर तो काय करतो ते बघा: जागच्या जागी थबकून, कान टवकारून नीट बघतो आणि मग श्वास सोडून पुढे निघतो, की गर्रकन फिरून घराकडे सुटतो? थबकून बघणारा घोडा घ्यावा. घराकडे सुटणारा कितीही मापात बसला तरी सोडावा.

चालीकडेही लक्ष द्या. ट्रेलवर नव्वद टक्के वेळ तुम्ही संथ चालच करणार, दुडकी आणि कँटर थोडीशीच. तुमचे सोबती लांब टांगांच्या घोड्यांवर असतील तर ठेंगण्याला त्यांच्याबरोबर राहायला सारखं दुडकायला लागेल, तोही दमेल आणि तुम्हीही. त्याची मोकळी, लांब पावलांची चाल किती आहे हे पाहा. चालताना मागचा खूर पुढच्या खुराच्या ठशावर किंवा त्याच्याही पुढे पडत असेल, तर उंची कमी असली तरी तो मागे राहणार नाही. आणि राहिलाच थोडा, तर सोबत्यांनी थांबावं.

तीन तासांची एक पूर्ण भटकंती करायची परवानगी मागा. परत आल्यावर नाडी मोजा. शांत उभ्या घोड्याची नाडी मिनिटाला २८ ते ४४ असते. थांबल्यावर दहा-पंधरा मिनिटांत ती साठच्या आसपास उतरली तर अंगात दम आहे. खोगीर काढल्यावर घामाचा ठसा दोन्ही बाजूंना सारखा आहे का बघा. मधेच कोरडा ठिपका दिसला तर तिथे दाब रुतला असण्याची शंका घ्या. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा जा. ही सकाळ कुणी बघत नाही. त्याच पाठीवरून तीच बोटं फिरवा. पाठ आक्रसली, खाली खचली, शेपूट फटकारली गेली, तर खोगीर किंवा ओझं किंवा दोन्ही चुकत आहेत.

तुमच्याकडूनही मला काही हवं आहे. वीस टक्के ही सीमारेषा आहे, तुम्ही तिच्यावर उभ्या आहात. त्या रेषेवरचा स्वार कसा बसतो याला फार महत्त्व येतं. उंच माणसाचं धड लांब, ते जरा झुकलं की ठेंगण्या घोड्याचा तोल जास्त ढळतो. म्हणून वळणावर आत कलू नका, फांदीखालून जाताना मानेवर झेप टाकू नका, हळूच वाका. लांब, तीव्र उतारावर उतरून त्याच्यासोबत चाला. दर तासाला पाच-दहा मिनिटं तंग थोडी सैल करून त्याला मोकळं उभं राहू द्या, जिथे पाणी असेल तिथे पिऊ द्या. उन्हात घोड्याचा घाम तासाला दहा-पंधरा लिटरपर्यंत जाऊ शकतो. पाण्याची बाटली वाटेत भरता येत असेल तर दोन बाटल्या नेऊ नका. पहिले काही आठवडे तासाभराच्या सपाट वाटाच घ्या, चढ हळूहळू. स्नायू आणि दम लवकर तयार होतात, हाडं आणि कंडरांना महिने लागतात. घोडा ताजातवाना दिसतो म्हणून एकदम लांब पल्ला गाठणारे याच फटीत सापडतात.

मुलीबद्दल थोडक्यात. तेरा वर्षांच्या, चांगलं शिकलेल्या मुलीसाठी अकरा वर्षांचा, वाटांना सरावलेला, चौदा हँडचा घोडा याहून चांगली जोडी मला सुचत नाही. पडली तरी कमी उंचीवरून पडेल, उतरली तर स्वतः चढेल. तिची रिकीब आखूड करा, आणि तुमच्या मोठ्या बैठकीत ती इकडेतिकडे घसरत असेल तर तिला लांब पल्ल्यावर नेऊ नका. हेल्मेट तिचं स्वतःचं असू दे. उंच थरोब्रेडवर मात्र तिला बसवायचं तुमच्या मनात असेल तर ते आत्ताच काढून टाका.

तेव्हा उंच घोड्याला नाही म्हणा. ठेंगण्याला मनातून हो म्हणायला हरकत नाही, पण तोंडाने म्हणण्याआधी खडू घेऊन जा, त्याची पाठ मोजा आणि पशुवैद्यांकडून पाय आणि पाठ तपासून घ्या. यजमानांना सोबत न्या. आकडेमोड त्यांच्यासमोर करा, बरगड्या त्यांना चाचपू द्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी घोड्याच्या पाठीवरून पहिला हात त्यांनाच फिरवू द्या. अन्यायाची शंका त्यांना आली होती, खात्रीही त्यांनाच करून घेऊ द्या.

नळीचं माप आणि दोन खडूच्या खुणांमधलं अंतर मला कळवा. खोगीर कोणत्या प्रकारचं बघायचं ते त्यावरून सांगेन.